दळण, कांडप आणि चार्जिंग

दोस्तांनो, अशी पाटी कधी पाहिलीय? आमच्या तालुक्याच्या गावी एका गिरणीवर ती आहे. तिचीच ही हकिकत.

फेब्रुवारीतला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीची परीक्षा, आणि नेमका शाळेचा प्रिंटर रुसलेला! चार मुलांची प्रवेशपत्रं छापून आणायला मी विजेच्या स्कूटरवरून १८ किलोमीटरवरच्या तालुक्याला निघाले. आदल्या रात्री गावात वीज नव्हती, त्यामुळे बॅटरी पावच भरलेली. म्हटलं, तिथं भरून घेऊ.

प्रवेशपत्रं मिळाली, पण बॅटरी संपत आली. गावात चार्जिंग स्टेशन एकच, तेही मोटारींचं. त्याचा जाडजूड प्लग माझ्या स्कूटरला कसा बसणार? चार घरी मुलं वाट बघत होती आणि मी रस्त्यात उभी!

असं का होतं? घरी तारांतून येते ती एसी वीज. तिची दिशा सतत बदलते. बॅटरीत मात्र एकाच दिशेनं वाहणारी डीसी वीज साठते. स्कूटरचा छोटा चार्जर एसीची डीसी करतो, पण हळूहळू. जणू बारीक तोटीखाली ठेवलेला रांजण. मोटारींच्या जलद चार्जरमध्ये हे काम बाहेरचं कपाटाएवढं यंत्र करतं आणि भराभर डीसी वीज देतं. म्हणून दोघांचे प्लग वेगळे.

शेवटी गिरणीवाले काका म्हणाले, "बाई, इथं लावा की वायर!"

आता गणित करा. माझी बॅटरी ३ युनिटची. एका युनिटमध्ये गाडी साधारण ३० किलोमीटर जाते. चार्जर तासाला पाऊण युनिट भरतो. मग १८ किलोमीटरसाठी किती वेळ थांबायचं? बरोबर, ४८ मिनिटं! मी तासभर थांबले आणि दिवेलागणीला गावात पोचले. चौघांच्या हाती प्रवेशपत्रं पडली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

काकांनी पैसे घेतले नाहीत. "वीज विकायचा परवाना कुठंय माझ्याकडे?" म्हणाले. मी शोधलं, तर काय! केंद्र सरकारनं २०१८ सालीच सांगितलंय, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्याला वेगळा परवाना लागत नाही. त्याच वर्षी सरकारनं असंही सुचवलं, की महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्टेशन असावं. पण आमचं गाव महामार्गावर नाही ना! शिवाय गाड्या कमी म्हणून स्टेशन नाही, आणि स्टेशन नाही म्हणून लोक गाड्या घेत नाहीत. कोंबडी आधी की अंडं आधी?

काकांनी हे कोडं सोडवलं. वायरमनकडून जोडणी तपासून घेतली, १५ अँपिअरचा सॉकेट आणि वेगळा मीटर बसवला. पाटी कुणी रंगवली असेल? त्याच चौघांनी!

आता तुमची पाळी. तुमच्या गावात किती ठिकाणी गाडी चार्ज होते? ती जागा चालू आहे का? कोणत्या गाड्यांसाठी? रात्री उघडी असते का? मोठ्या माणसांना सोबत घेऊन बघा आणि वहीत तक्ता करा. सॉकेटला मात्र हात लावायचा नाही हं! तक्ता शाळेच्या फळ्याशेजारी लावा. एखाद्या अडलेल्या वाटसरूचा जीव त्यामुळे भांड्यात पडेल.