बेफाम मोटारसायकल आणि नवखा हात

२०२४ च्या जानेवारींत पुण्यास सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. त्यांतील ४५० सी.सी.च्या गाड्या पाहून राहात्याच्या एखाद्या पेरूबागाइताच्या मुलास तसलीच गाडी हवीशी वाटली, तर त्यांत नवल नाहीं. परंतु अशा गाडीचें वजन अवघें ११० किलोच्या आसपास आणि बळ पन्नासाहून अधिक अश्वशक्तींचें!

खरें भय वेगाचें नव्हे, दचकण्याचें आहे. मूठ किंचित् अधिक पिळली कीं गाडी उसळते. स्वाराचें अंग मागें फेकलें जातें, आणि हँडलला लोंबकळणारा हात मूठ आणखीच पिळतो.

मूठ अर्ध्यापुढें फिरूं नये असा अटकाव बसविणें हा सर्वांत स्वस्त उपाय. मागच्या चकरीचे दांते कमी केल्यास ओढ सौम्य होते. मात्र सावकाश चालवितांना क्लच वारंवार धरावा लागतो. फ्लायव्हीलला जादा वजन जोडणें अधिक चांगलें. जड चाकाचे फेरे एकदम चढत नाहींत व एकदम उतरतहि नाहींत. त्यामुळें गाडी हिसका न देतां निघते आणि मध्येंच बंदहि पडत नाहीं. पेट्रोल आखडण्याची युक्ति मात्र करूं नये. इंजिन तापून बिघडतें.

एवढें करूनहि एक बोट क्लचवर हवेंच. गाडी उसळतांच क्लच दाबला, तर मूठ कितीहि पिळलेली असो, चाकास इंजिनाचा जोर पोहोंचत नाहीं. हा सराव कोरड्या माळावर करावा. पावसांतल्या काळ्या मातीच्या वाटेवर तो नको, आणि हमरस्त्यावर तर नाहींच. शर्यतीच्या गाडीस तेथें कायद्यानेंच मज्जाव आहे.