सीमाभागाची मैना आणि तिचा शाहीर

कोल्हापूर सोडून दक्षिणेकडे निघाले म्हणजे कागलच्या पुढे राज्याची हद्द लागते आणि थोड्याच वेळात निपाणी येते. तंबाखूच्या वखारींचे हे गाव. त्याच रस्त्याने पुढे गेले की बेळगाव. या वाटेवर दुकानांच्या पाट्या बदलतात. बाजारात मात्र मराठी व कानडी शेजारणींसारख्या नांदतात. या प्रदेशाविषयी ठराव झाले, अहवाल निघाले, खटला गुदरला गेला. सामान्य मराठी माणसाच्या ओठी राहिली ती मात्र एक छक्कड : अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’.

अण्णा भाऊ सीमाभागातले नव्हेत. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी एका मांग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. वडिलांबरोबर ते पायी चालत मुंबईस आले, ते बालवयातच. तेथे हमाली केली, गिरणीत काम केले, आणि दुकानांच्या पाट्या व भिंतीवरची पत्रके वाचीत अक्षरओळख करून घेतली. कामगार चळवळीत ते शिरले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. डफ, तुणतुणे आणि ढोलकी घेऊन ही मंडळी गिरणगावापासून खेड्यांपर्यंत हिंडली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा अण्णा भाऊंनी तोच ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने लोकांपुढे ठेवला. गणातील गणपतीच्या जागी त्यांनी मातृभूमी आणि हुतात्मे यांना वंदन केले, गवळण वगळली. पण वगातला हजरजबाबीपणा मात्र तसाच राखला.

आता बेळगावकडे वळू. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावास मराठी साहित्य संमेलन भरले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथूनच जोर चढला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. निपाणीही त्याच्याबरोबर गेली. ज्या नगरीत मागणी घुमली, तीच नगरी मागणीच्या बाहेर राहिली.

ही गोष्ट गिरणीतल्या कामगाराला कशी समजावून सांगावी? त्याला नकाशा दाखवून उपयोग नव्हता. अण्णा भाऊंनी नकाशा दाखविलाच नाही. जुन्या विरहाच्या लावणीत बहुधा स्त्री बोलते : धनी मोहिमेवर गेला आहे आणि ती घरी झुरते आहे. ‘माझी मैना’त पुरुष बोलतो. पोटासाठी तो मुंबईस आला आहे, आणि गावी ठेवलेल्या बायकोच्या आठवणीने त्याचा जीव कासावीस झाला आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर येथून आलेल्या हजारो कामगारांची हीच कथा होती. गावी बायको, मुंबईत दाटीची खोली आणि खानावळीचे जेवण. श्रोता त्या दुःखात पुरता रंगला, की शाहीर हलकेच पडदा सारतो : मुंबई हाती येईल, पण बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यावर दुसऱ्याची मालकी आहे. ज्याची मैना गावी राहिली आहे, त्याला ताटातुटीचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. स्वतः पायी मुंबईस आलेल्या माणसालाच ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, डांग व उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव, कारवार व निपाणी म्हैसूरमध्येच राहिली. १९६१ साली ‘फकिरा’ कादंबरीला राज्य सरकारचे पारितोषिक लाभले आणि त्याच वर्षी अण्णा भाऊ सोव्हिएत देशात जाऊन आले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून ज्याने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्याच्या वाट्याला दारिद्र्य मात्र अखेरपर्यंत आले. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने निपाणी, खानापूर महाराष्ट्रास द्यावीत, परंतु बेळगाव म्हैसूरमध्येच राहावे, असे सुचविले. महाराष्ट्राने तो मानला नाही. दोनच वर्षांनी, १८ जुलै १९६९ रोजी, अण्णा भाऊ निवर्तले. आणि २९ ऑगस्टला त्यांचे सहकारी अमर शेखही अपघातात गेले.

म्हैसूरचे १९७३ साली कर्नाटक झाले, बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दर वर्षी १ नोव्हेंबरला सीमाभागातील मराठी मंडळी काळा दिवस पाळीत आली आहेत. निकाल कोणताही लागो. शेजारच्या कानडी माणसालाही आपली भाषा अशीच प्रिय आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच्या द्वेषावर ही छक्कड उभी नाही. आपल्या माणसाच्या ओढीवर ती उभी आहे. म्हणून तिचा कर्ता जाऊन अर्धशतक लोटले, तरी ढोलकीवर थाप पडली की गर्दीतला कोणी तरी तिची पहिली ओळ शाहिराच्या आधी म्हणतो.