संदेश-रांग : जावा आज्ञावलीकारांसाठी प्राथमिक ओळख

नागरिकाने दाखल्यासाठी संगणकावरून अर्ज भरला. परंतु छाननी करणारी आज्ञावली त्याच क्षणी बंद असेल, तर त्या अर्जाचे काय होते? दोन आज्ञावली एकमेकींशी थेट जोडलेल्या असल्यास अर्ज अडतो, प्रसंगी हरवतोही. ही अडचण दूर करण्यासाठी संदेश-रांगेची योजना करण्यात येते. कार्यालयातील बारनिशी ज्याप्रमाणे आलेले टपाल नोंदवून ठेवते व संबंधित लिपिकाच्या स्वाधीन करते, त्याप्रमाणे ‘ब्रोकर’ ही मध्यस्थ आज्ञावली संदेश जपून ठेवते आणि घेणारा सिद्ध होताच त्यास देते.

जावा भाषेत या व्यवहाराचे सामाईक नियम सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९८ साली ‘जावा मेसेज सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध केले. आज ते ‘जकार्ता मेसेजिंग’ म्हणून ओळखले जातात. हे नियम पाळणारा ‘अपाचे ॲक्टिव्हएमक्यू’ हा ब्रोकर विनामूल्य मिळतो. त्याच्या ६ व्या मालिकेसाठी किमान जावा १७ आवश्यक आहे. आज्ञावली त्याच्याशी ६१६१६ या पोर्टवरून जोडल्या जातात. देखरेखीचे पान ८१६१ या पोर्टवर उघडते.

प्रथम ब्रोकरशी कनेक्शन जोडावे, त्यावर सेशन उघडावे, रांगेस नाव द्यावे आणि प्रोड्यूसरकरवी संदेश पाठवावा. दुसऱ्या आज्ञावलीतील कन्झ्यूमर तो उचलतो. तेथे कनेक्शनला ‘स्टार्ट’ ही आज्ञा देणे अगत्याचे आहे. एरवी एकही संदेश हाती येत नाही. पहिल्या प्रयोगात घेणारी आज्ञावली मुद्दाम बंद ठेवावी. संदेश रांगेत थांबलेला देखरेखीच्या पानावर दिसेल. ब्रोकर बंद करून पुन्हा सुरू केल्यानंतरही तो तेथेच आढळला पाहिजे.

खरी कसोटी पोच देण्याची आहे. संदेश हाती पडताच पोच दिली आणि काम पुरे होण्यापूर्वीच वीज गेली, तर अर्ज कायमचा हरवतो. म्हणून ट्रॅन्झॅक्टेड सेशन वापरून, काम तडीस गेल्यावरच ‘कमिट’ करावे. मात्र अशा वेळी तोच संदेश पुन्हा येण्याचा संभव असतो. यास्तव अर्ज क्रमांक पाहून, त्यावर आधी कार्यवाही झाली आहे किंवा नाही, याची खात्री करावी. पुनःपुन्हा परत येणारा संदेश, वेगळी सूचना नसल्यास, सहा फेरप्रयत्नांनंतर ‘डेड लेटर’ रांगेत जातो. ही रांग नित्य तपासावी. कारण तेथील प्रत्येक नोंद म्हणजे एखाद्या नागरिकाचे अडलेले काम असू शकते.

सुरक्षिततेकडेही दुर्लक्ष होऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ब्रोकरच्या तत्कालीन आवृत्त्यांतील गंभीर दोष उघडकीस आला होता व त्याचा गैरफायदाही घेण्यात आला. म्हणून अद्ययावत आवृत्ती वापरावी, मूळचा परवलीचा शब्द बदलावा आणि ही पोर्टे इंटरनेटवर खुली ठेवू नयेत.

एवढी दक्षता घेतल्यास, मध्येच एखादी आज्ञावली बंद पडली तरी नागरिकाचा अर्ज वाटेत गहाळ होणार नाही.