विश्लेषण : लहानपणीच्या मालिका आठवतात, मग पुन्हा पाहता का येत नाहीत?

‘रामायण’ आजही हवे तेव्हा पाहता येते, पण ‘गजरा’ किंवा ‘किलबिल’चा एखादा ठरावीक भाग शोधू गेल्यास बहुधा हाती काही लागत नाही. दोन्ही पाहणारे प्रेक्षक तेच, वाहिनीही तीच. मग एक कार्यक्रम टिकला आणि दुसरा केवळ आठवणीत का उरला? याचे उत्तर लोकप्रियतेत नाही. ते टेपच्या किमतीत, मालकी हक्कात आणि जतनाच्या कायद्यात आहे.

एका पिढीच्या आठवणी इतक्या सारख्या कशा?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई दूरदर्शन केंद्र त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्र कृष्णधवल होते, प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास आणि वाहिनी एकच. दूरचित्रवाणी संचासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ज्यांच्याकडे संच होता, त्यांच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली जाई आणि अख्खी चाळ तिथे जमे. निवड करण्याचा प्रश्नच नसल्याने डोंबिवलीतील मूल आणि दादरमधील मूल एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहत होते. ‘व्यत्यय’ ही पाटीसुद्धा सगळ्यांनी एकदमच पाहिली.

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि घरोघरी रंगीत संच येऊ लागले. मराठी प्रेक्षकांच्या आठवणीत त्यामुळे दोन थर दिसतात. ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती आमची माणसं’ हा मुंबई केंद्राचा थर. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘मालगुडी डेज’, ‘भारत एक खोज’ हा दिल्लीहून आलेला राष्ट्रीय थर. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की, साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयातही अधिक ठळक राहतात. याला ते ‘रेमिनिसन्स बम्प’ म्हणतात. त्या वयात जे सर्वांनी एकत्र पाहिले, ते म्हणूनच पुसले जात नाही.

काही मालिका मिळतात, काही का मिळत नाहीत?

कार्यक्रम कोणी बनवला, यावर बरेच अवलंबून होते. मुंबई केंद्राचे बहुतेक सुरुवातीचे कार्यक्रम दूरदर्शनच्या पगारी निर्मात्यांनी वरळीच्या स्टुडिओत तयार केले. विनायक चासकर यांचा ‘गजरा’, आकाशानंद यांचे ‘ज्ञानदीप’ ही त्याची ठळक उदाहरणे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’मध्ये दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. या जोडीने घराघरांत स्थान मिळवले. हे कार्यक्रम म्हणजे सार्वजनिक सेवा होती. प्रक्षेपण झाले की काम संपले. तो कार्यक्रम पुढे विकायचा आहे, असा विचार करणारा कोणी नव्हता.

७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग आले. या पद्धतीत निर्माता मालिकेवर खर्च करी आणि त्या बदल्यात त्याला जाहिरातींसाठी वेळ मिळे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) आणि बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ (२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग) ही या युगाची शिखरे. या निर्मात्यांच्या दृष्टीने मूळ टेप ही मालमत्ता होती. तिच्यातून व्हिडीओ कॅसेट, नंतर सीडी, डीव्हीडी आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क निघाले. साहजिकच ती जपली गेली. थोडक्यात, टिकले ते बहुतेक असे की ज्याला मालक होता आणि बाजार होता.

टेप पुसल्या का जात?

सुरुवातीच्या काळात अनेक कार्यक्रम थेट प्रसारित होत. त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण झालेच नाही. जे मुद्रित होत, त्यासाठीची टेप महाग आणि आयात केलेली असे. चुंबकीय टेपचा मोठा गुण म्हणजे ती पुसून पुन्हा वापरता येते. जतनाच्या दृष्टीने तोच तिचा सर्वात मोठा दोष ठरला. नव्या कार्यक्रमासाठी टेप हवी, मंजुरी मिळायला वेळ लागतो आणि कपाटात जुन्या टेप पडून आहेत, अशा वेळी काय झाले असेल, हे सांगायला नको. टेपचा तुटवडा आणि पुनर्वापर यांच्या कहाण्या त्या काळी दूरदर्शनवर काम केलेली मंडळी आजही सांगतात.

हा दोष एकट्या दूरदर्शनचा नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकात आपले असंख्य कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कित्येक जुने भाग त्यामुळे आज चित्ररूपात नाहीत. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाच्या मूळ टेपसुद्धा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या नासाने २००९ मध्ये जाहीर केले. चित्रवाणी वाहिन्यांकडे असलेल्या प्रतींवरून तेव्हा सुधारित चित्रफीत तयार करावी लागली.

उरलेल्या टेप तरी सुरक्षित आहेत का?

टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेली चुंबकीय भुकटी. हे चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषते. कालांतराने टेप चिकट होते, यंत्रात अडकते, भुकटी सुटते आणि तिच्याबरोबर चित्रही जाते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत बुरशीचा धोका वेगळाच. दुसरी अडचण यंत्रांची. दोन इंची रिळे, मग पाऊण इंची यू-मॅटिक, मग अर्ध्या इंचाची बीटाकॅम, असे प्रकार बदलत गेले आणि प्रत्येकाला वेगळे यंत्र लागते. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आणि त्यांचे सुटे भाग, दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. टेप शाबूत असूनही ती लावायला यंत्र नाही, अशी वेळ त्यामुळे येऊ शकते.

युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. २०२५ च्या सुमारास टेपवरील मजकूर उतरवून घेणे फारच अवघड होईल, असा तज्ज्ञांचा इशारा त्यामागे होता. ती मुदत आता उलटली आहे.

पुस्तकांसाठी कायदा आहे, मालिकांसाठी का नाही?

भारतात १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. घरोघरी पाहिल्या गेलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे असे बंधन मात्र नाही. दूरदर्शनचा संग्रह दूरदर्शनकडे, खासगी वाहिन्यांचा त्यांच्याकडे, निर्मात्याचा निर्मात्याकडे. वाहिनी बंद पडली किंवा निर्मितीसंस्था गुंडाळली गेली, तर त्या टेपचे काय होते हे पाहणारी यंत्रणा नाही. १९९० नंतर सुरू झालेल्या खासगी मराठी वाहिन्यांच्या सुरुवातीच्या मालिकांनाही हाच धोका आहे.

फ्रान्सने १९९२ मध्ये कायदा करून नभोवाणी आणि चित्रवाणी कार्यक्रमांची प्रत जमा करणे बंधनकारक केले. ‘इना’ ही तेथील सार्वजनिक संस्था हा ठेवा सांभाळते आणि अभ्यासकांना तो पाहता येतो.

आज नेमके काय उपलब्ध आहे?

टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यात आले. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. त्याच महिन्यात जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ वाहिनी सुरू झाली. प्रसार भारतीच्या संग्रहाची आणि सह्याद्री वाहिनीची यूट्यूबवर स्वतंत्र पाने आहेत. तिथे जुन्या मुलाखती, मैफली, नाट्यप्रवेश सापडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केले.

तरीही जे आहे ते सगळे दाखवता येतेच असे नाही. ध्वनिचित्रमुद्रणावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे १९८७ मधील मालिकेचा हक्क २०४७ अखेरपर्यंत. कथा, गीत, संगीत यांचे हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. त्या काळच्या करारांत इंटरनेटचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. त्यामुळे टेप सापडली तरी परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न उरतो.

घरात पडलेल्या कॅसेटचे काय करावे?

‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या सर्व भागांचा आवाज आज ऐकता येतो. कारण त्या वेळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो मुद्रित करून ठेवला होता. संस्थेने पुसलेले प्रेक्षकाने जपले. १९८० आणि १९९० च्या दशकांत मराठी घरांतही व्हीसीआर होते. लग्नाच्या कॅसेटच्या उरलेल्या भागात कोणी मालिका, कोणी बातम्या, कोणी नाटक मुद्रित केले. मधल्या जाहिरातींसह झालेले असे मुद्रण अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाचे असते, कारण जाहिराती आणि निवेदने बहुतेकदा कोणीच जपलेली नसतात.

अशा कॅसेट माळ्यावर असतील तर पावसाळ्यापूर्वी खाली काढाव्यात. त्या आडव्या न रचता पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. लोहचुंबक, ध्वनिवर्धक आणि ओल यांपासून त्या दूर असाव्यात. पांढरी बुरशी दिसत असेल तर कॅसेट लावून पाहू नये. टेप तुटू शकते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. पुसट झालेले लेबल वाचता येत असेल तोवर तारीख आणि कार्यक्रमाचे नाव लिहून ठेवावे. डिजिटल प्रत करून घेतल्यावर तिच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि मूळ कॅसेट फेकू नये. घरी पाहण्यासाठी प्रत ठेवणे वेगळे आणि ती परस्पर इंटरनेटवर टाकणे वेगळे. दुसऱ्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. ज्या कार्यक्रमाची मूळ टेप कुठेच नसेल, त्याची एकमेव प्रत अशाच एखाद्या कॅसेटवर असू शकते.