निलांबूर : सागाचे गाव आणि हुंड्याचा हिशेब

सागवान म्हटले की आपल्याकडे बल्लारशाचे नाव निघते. पण जुने सुतार आणि वखारवाले आणखी एक नाव अदबीने घेतात, ते निलांबूरचे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात चालियार नदीकाठचे हे गाव. २०११ च्या जनगणनेत वस्ती ४६ हजारांच्या आसपास. आम्ही कापडवाले, लाकडातले आम्हाला फारसे कळत नाही. तरी या गावाची हकीगत व्यापाऱ्याने आणि कारागिराने ऐकावी अशी आहे.

मलबारच्या सागाशी मुंबईचे नाते जुने आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत या लाकडाची जहाजे बांधली जात. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. असा माल म्हटल्यावर कुऱ्हाड थांबते कुठे? १८४० च्या सुमारास मलबारचे कलेक्टर कोनोली यांना लागवडीचा विचार करावा लागला. बी काही केल्या रुजेना. अनेक प्रयोग फसले, तेव्हा कुठे १८४४ साली रोपांनी जीव धरला. पुढची वर्षे हे रान प्रत्यक्ष वाढवले ते चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने. नाव मात्र ‘कोनोली प्लॉट’ असेच राहिले. मेहनत एकाची आणि पाटी दुसऱ्याची, हे आपल्या कारागिरांना नव्याने सांगायला नको. त्यातले २.३१ हेक्टर आज राखून ठेवलेले आहे. माणसाने लावलेले जगातले सर्वांत जुने सागवन म्हणून लोक ते पाहायला येतात. १९९५ साली तेथे सागाचे संग्रहालयही झाले.

हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढत आणि पाण्याच्या वाटेने माल कोझिकोडजवळच्या कल्लायी बाजारात जाई. नदीच्या मुखाशी बेपूर. तेथील मोपला खलाशी आणि सुतार अरब गिऱ्हाइकांसाठी ‘उरू’ नावाची गलबते बांधत आले, तीही कागदावर नकाशा न काढता. रेल्वे १९२७ साली निलांबूरला पोचली, १९४१ मध्ये युद्धासाठी रूळ उखडले गेले, १९५४ मध्ये पुन्हा टाकले. पुढे जंगलतोडीवर बंधने आली तसा कल्लायीचा धंदाही ओसरला.

आमच्या धंद्याचा या नदीशी संबंध आहे, पण तो सांगताना संकोच वाटतो. खालच्या अंगाला मावूर येथे बांबू आणि लाकडापासून रेयॉनचा लगदा करणारा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याने चालियार नासली, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००१ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांची रोजीही गेली. आम्ही रेयॉनचे तागे पुष्कळ विकले. लगदा कोठल्या पाण्यावर होतो, हे एकदाही विचारले नाही.

आता गावच्या कारभाराचे. निलांबूर ही तेव्हा ग्रामपंचायत होती आणि आर्यादन शौकत अध्यक्ष होते. २००९ मध्ये पंचायतीने हुंडामुक्तीची मोहीम काढली. घरोघर पाहणी केली तेव्हा घर विकण्यामागे आणि कर्जामागे मुलीचा हुंडा आहे, असे कितीतरी ठिकाणी दिसले. हुंड्याविना लग्न करू इच्छिणाऱ्यांसाठी संकेतस्थळही काढले. रस्ते-गटारांपलीकडे पंचायत पाहते, याचेच आम्हाला अप्रूप वाटले. २०१० साली तेथे नगरपालिका झाली, २०२२ मध्ये युनेस्कोच्या शिकत्या शहरांच्या जाळ्यात गावाचा समावेश झाला आणि शौकत जून २०२५ च्या पोटनिवडणुकीत विधानसभेवर निवडून आले.

लग्नाचा बस्ता बांधताना आमच्या गादीवरही मुलीचा बाप शेवटी हळूच म्हणतो, ‘शेठ, बाकी ईदनंतर देतो.’ आम्ही वहीत लिहून घेतो. पुढच्या वर्षी त्याच घरातल्या दुसऱ्या मुलीचा बस्ता येतो, आणि पहिली बाकी तशीच असते. आमच्या नगरपालिकेने निलांबूरसारखी पाहणी काढलीच, तर उधारीच्या या वह्या दाखवायला आम्ही तयार आहोत.