नोंदप्रणालीतील बफरयुक्त फाईल-लेखन : वेग आणि विश्वासार्हता

प्रस्तावना :
संगणकावर घडणाऱ्या घटनांची कालानुक्रमे नोंद ठेवणे हे सिसलॉग व्यवस्थेचे कार्य होय. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' या टपालप्रणालीचा भाग म्हणून ती निर्माण केली. लिनक्सवर प्रचलित असलेल्या 'आरसिसलॉग' या आज्ञावलीचा विकास राइनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये सुरू केला. तिच्यात नोंदी फाईलमध्ये लिहिण्याचे काम 'ओएमफाईल' हा घटक करतो. त्याच्या बफरची मांडणी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बफरची आवश्यकता :
प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे लिहिल्यास दर वेळी कार्यप्रणालीकडे विनंती करावी लागते. ओळी स्मृतीत साठवून एकत्रित लिहिल्यास हे श्रम वाचतात. या तात्पुरत्या साठ्यास बफर म्हणतात. त्याचा मूळ आकार ४ किलोबाइट असून मोठ्या सर्व्हरवर तो ६४ किलोबाइटपर्यंत वाढविणे उपयुक्त ठरते. एक ओळ सरासरी २०० बाइटची धरल्यास पहिल्यात सुमारे २०, तर दुसऱ्यात सुमारे ३२५ ओळी मावतात.

परस्परावलंबी निर्देश :
'फ्लश ऑन टीएक्स एंड' हा निर्देश मूलतः चालू असतो. त्यामुळे नोंदींच्या प्रत्येक गटाअखेरीस बफर रिकामा केला जातो. तो बंद केल्यास बफर भरेपर्यंत लेखन थांबते. 'फ्लश इंटरव्हल' हा निर्देश ठरावीक कालावधीने बफर रिकामा करतो व त्याचे मूळ मूल्य १ सेकंद आहे. परंतु 'असिंक रायटिंग' हा मूलतः बंद असलेला निर्देश चालू केल्याशिवाय हा कालावधी विचारातच घेतला जात नाही. हे ध्यानात न घेता पहिला निर्देश बंद केला आणि बफर ६४ किलोबाइटचा ठेवला, तर मिनिटाला एकच ओळ येणाऱ्या सर्व्हरवर नोंदी सुमारे साडेपाच तास स्मृतीतच राहतील. दरम्यान आज्ञावली अकस्मात बंद पडल्यास त्या नष्ट होतात. आणि बिघाडाचे कारण सांगणाऱ्या नोंदी बहुधा याच शेवटच्या ओळींत असतात.

लेखनाचे दोन स्तर :
बफर रिकामा होणे म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचणे नव्हे. तो प्रथम कार्यप्रणालीच्या स्मृतीत जातो. केवळ आरसिसलॉग बंद पडल्यास तेथील मजकूर सुरक्षित राहतो. वीजपुरवठा खंडित झाल्यास मात्र तो गमावला जाऊ शकतो. त्यासाठी 'सिंक' हा स्वतंत्र निर्देश असून तो मूलतः बंद असतो. तो चालू केल्यास सुरक्षितता वाढते, परंतु वेग लक्षणीय घटतो.

निष्कर्ष :
सर्व फाईलींना एकच मांडणी लावणे योग्य नव्हे. संकेतस्थळाच्या भेटींसारख्या विपुल नोंदींसाठी मोठा बफर आणि असिंक लेखन स्वीकारावे. प्रवेश-पडताळणी व कर्नलच्या नोंदींसाठी गटाअखेरचे लेखन चालूच ठेवावे आणि आवश्यकतेनुसार सिंकची जोड द्यावी. कोणत्या नोंदी गमावणे परवडेल, हे आधी ठरवूनच बफरचा आकार निश्चित करणे इष्ट होय.