कोशांतील सूक्ष्म कारागीर

एटापल्लीच्या रानांत ऐनाच्या झाडावर लोंबणारा कोसा ज्यानें पाहिला नाहीं, असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. टसर रेशीम निघतें तें ह्याच कोशापासून. आंत किडा निजला आहे, असें आपण सहज म्हणतों. परंतु ह्या निद्राकाळींहि नराच्या शरीरांत, अळीच्या अवस्थेंत आरंभिलेलें एक नाजूक काम चालूच असतें. तें म्हणजे शुक्रपेशी घडविण्याचें. हें काम बिघडलें, तर मादी अंडीं घालील, पण त्यांतून अळी निघणार नाहीं, आणि बियाण्यासाठीं कोसे राखून ठेवणाऱ्या कुटुंबाचा हंगाम वायां जाईल. टसराच्या पतंगास तर अन्न खाण्याजोगें तोंडहि नसतें. थोड्याच दिवसांत त्याचें आयुष्य सरतें.

शुक्रपेशींत पुढें केंद्रक असतें. पित्याचा वारसा तो हाच. मागें लांब शेपूट असतें, व त्याच्या बळावर ती पोहते. हें शेपूट ज्याच्यावर उभारलें जातें, तो कण म्हणजे सेंट्रिओल. (ह्यास मराठींत सर्वांच्या तोंडीं बसलेला शब्द नाहीं, म्हणून परकाच शब्द आम्ही ठेवितों.) ह्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें पांचहजाराव्या भागाएवढी. साध्या सूक्ष्मदर्शकांतून तो नुसता ठिपका दिसतो. त्याची अंतर्रचना १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें उघड केली. तो ठिपका नसून पोकळ नळकांडें आहे, आणि त्याच्या भिंतींत सूक्ष्म नळ्यांचे नऊ जुडगे आहेत, प्रत्येक जुडग्यांत तीन नळ्या.

नवा सेंट्रिओल जुन्याच्या कुशीस, त्याच्याशीं काटकोन करून उगवतो. प्रथम बैलगाडीच्या चाकासारखें एक चक्र बनतें. आमच्या गाडीच्या चाकास आरे किती, हें सुतारावर अवलंबून. ह्या चक्रास मात्र नऊ. त्या आऱ्यांच्या टोकांशीं ते नऊ जुडगे उभे राहतात. म्हणजे नऊ हा आंकडा चाकापासूनच ठरून येतो.

आतां ह्या कणास दुसरेंहि एक काम आहे. पेशी दुभंगते तेव्हां तिच्यांत चातीच्या आकाराचा तंतूंचा समूह तयार होतो, व त्याच्या दोन्ही टोकांशीं सेंट्रिओल असतात. टोंकाचा कण व शेपटाच्या मुळाचा कण हे एकच, असें मत १८९८ सालीं फ्रान्सचे हेन्नेगी व हंगेरीचे लेनहोसेक ह्यांनीं परस्परांवांचून स्वतंत्रपणें मांडलें. त्यास बळकट पुरावा मिळाला तो रेशमाच्या पतंगापासून! इतर बहुतेक प्राण्यांत पेशीविभाग आटोपल्यावर शेपूट फुटतें. पतंगास तेवढा धीर नाहीं. त्याच्या शुक्रपेशींची जननी अद्याप दुभंगत असतांनाच चातीच्या टोकांवरील कणांस आंखूड शेपटें फुटलेलीं हेन्नेगी ह्यांस दिसलीं. एकच कण दोन्ही कामांत रंगेहात सांपडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढील हिशेब मुलांनीं बोटांवर करावा. जननीपेशींत सेंट्रिओल चार, प्रत्येक टोकास दोन. पहिल्या विभागानंतर प्रत्येक पेशीस दोन. दुसऱ्या विभागापूर्वीं नवे उगवत नाहींत, म्हणून अखेर प्रत्येकीच्या वांट्यास एकच, आणि शेपूटहि एकच. १९७० सालीं फ्रीडलेंडर व वाहर्मान ह्यांनीं तुतीच्या रेशीमपतंगांत हेंच पाहिलें, आणि चातीचें एक काम हे कण वांटून देण्याचें आहे, असें म्हटलें.

एक नवल सांगावयाचें राहिलें. पतंग व फुलपांखरें ह्यांच्या बहुतेक जातींत शुक्रपेशी दोन प्रकारच्या असतात. दुसऱ्या प्रकारांत केंद्रक बाहेर टाकून दिलेलें असतें. तरीहि सेंट्रिओल आपलें शेपूट उभारतो व ती पेशी पोहते. वारसा नाहीं, केवळ गति! अशा पेशींचा उपयोग काय, ह्यावर विद्वानांनीं दीर्घकाळ तर्क केले. २०१९ सालीं जपानी संशोधकांनीं तुतीच्या रेशीमकिड्यावर दाखविलें कीं, ह्या केंद्रकहीन पेशी नीट घडल्या नाहींत, तर केंद्रक असलेल्या पेशी मादीच्या शरीरांतील शुक्रकोशापर्यंत पोहोंचतच नाहींत, आणि अंडीं वांझ राहतात.